कुत्र्या-मांजरांचे वजन वाढू नये म्हणून

पोदेराचा (दारोदार पाव विकणाऱ्याचा) भोंपू वाजला की घरातील एक जण कुत्र्याला पाव तोडून देतो, दुपारी दुसरा शीत (भात) आणि बांगड्याचा उरलेला तुकडा वाढतो आणि संध्याकाळी बलकांवावर (घरापुढच्या ओसरीवर) बसलेले आजोबा चहातले बिस्कीट पुढे करतात. यांपैकी कोणालाच इतरांनी काय दिले ते ठाऊक नसते आणि वजन वाढते ते मुख्यतः इथेच. म्हणून दिवसभराचे खाणे सकाळीच काट्यावर मोजून एका डब्यात काढावे (शिजवलेले असल्यास डबा फ्रीजमध्ये ठेवावा) आणि ज्याला द्यायचे असेल त्याने त्या डब्यातूनच द्यावे.

नसबंदी झालेल्या 10 किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी पुरतात, 4 किलोच्या मांजराला 200 ते 240. वरचा खाऊ एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांपलीकडे जाऊ नये, हा पशुवैद्यकांचा सर्वमान्य नियम आहे. साध्या पावात शंभराच्या आसपास कॅलरी असतात; म्हणजे अर्ध्या पावातच कुत्र्याचा खाऊ जवळजवळ संपतो आणि मांजराच्या बाबतीत तर तो दुपटीच्या वर जातो.

नसबंदीनंतर ऊर्जेची गरज 20 ते 30 टक्क्यांनी घटते, भूक मात्र वाढते. त्यामुळे वजन वाढण्याची वाट न पाहता शस्त्रक्रियेनंतर लगेच डॉक्टरांना विचारून माप कमी करावे. जून ते सप्टेंबरच्या पावसात फिरणे बंद पडते, तेव्हाही माप थोडे उतरवावे. उन्हाळ्यात डांबर तापण्याआधी, भल्या पहाटे बाहेर पडावे.

दर पंधरा दिवसांनी बरगड्यांवरून बोटे फिरवावीत. आपल्या हाताच्या पंजाच्या पाठीवरील हाडे जशी न दाबता लागतात, तशाच बरगड्या लागल्या पाहिजेत. दाबून शोधाव्या लागत असतील तर चरबी साठू लागली आहे. लांब केसांच्या मांजरात नुसत्या नजरेवर विसंबू नये.

वजन वाढलेच असेल, तर मांजराला कधीही उपाशी ठेवू नये, कारण लठ्ठ मांजराने काही दिवस खाणे सोडले तर यकृतात चरबी साचून जीवाला धोका होतो. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट मांजराला पुरेशी आहे, कुत्र्याला एक ते दोन टक्के चालते. मोजून खाऊ घालूनही वजन वाढत राहिले, तर थायरॉईडसारख्या आजारांसाठी रक्ततपासणी करून घ्यावी.