गेट पडायला लागलं की काय करायचं, आणि काय केलं तर थेट कैद आहे

परवा भाच्याला पक्कं लायसन्स मिळालं. पेढे खाता खाता सहज विचारलं, रेल्वे गेट बंद असताना दांडा उचलून गाडी काढली तर काय होतं रे? म्हणाला, होईल की दोन-पाचशेचा दंड. तिथं आम्ही पाच जण बसलो होतो, एकालाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

रेल्वे कायदा 1989, कलम 160. बंद गेट रेल्वेच्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणी उघडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, आणि तोडलं तर पाच वर्षांपर्यंत. कलमात दंड हा शब्दच नाही. आणि तोडणं म्हणजे काय कुणी कुऱ्हाड घेऊन जात नाही, गेट पडत असताना "निघतंय निघतंय" करत टेम्पो घातला आणि वरच्या कॅरियरनं दांडा वाकवला की झालं, अशाच केसेस आरपीएफकडं, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाकडं, जास्त असतात. बाइक आडवी करून दांड्याखालून काढणाऱ्यांना कलम 147 लावतात, विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये ऐकून हसू नका, तारखेला कोर्टात उभं राहायला लागतं ते वेगळंच.

आता लोकांचं कायमचं गाऱ्हाणं, "गाडीचा पत्ता नाही आणि हा गेट टाकून बसलाय". हे एकदा समजून घेतलं की निम्मी चिडचिड जाते. बहुतेक मोठी गेटं आता इंटरलॉक आहेत, म्हणजे गेट आणि सिग्नल एकमेकांना बांधलेले. दोन्ही बाजूचे दांडे पूर्ण खाली येऊन लॉक झाल्याशिवाय रेल्वेचा सिग्नल हिरवा होतच नाही. त्यामुळं गाडी यायच्या बरंच आधी गेट टाकावं लागतं, गेटमनची हौस नसती ती. तुम्ही एक बाइक मध्ये घातली की दांडा खाली येत नाही, सिग्नल लालच राहतो, आणि हजार-दीड हजार माणसांची गाडी बाहेर उभी. मुंबईकरांना दिवा स्टेशनजवळचं फाटक सांगायला नको, तिथल्या ट्रॅफिकपायी मध्य रेल्वेच्या लोकल वर्षानुवर्षं लेट झाल्यात. बाकी ठिकाणीही तेच, फक्त बातमी होत नाही.

म्हणून नियम साधा धरा. दांडा जमिनीला टेकला की गेट बंद, असं नाही. घंटी वाजली, लाल दिवा लागला किंवा गेटमननं लाल झेंडी धरली, की तुमच्यापुरतं गेट बंद झालं. दांडा अजून डोक्याच्या वर असला तरी.

फाटकाच्या आधी लाल त्रिकोणाची पाटी असते. आत कुंपणासारखं चित्र असेल तर पुढं गेटमन आहे, इंजिनाचं चित्र असेल तर गेटमन नाही, हे लायसन्सच्या परीक्षेत सगळे टिक करतात आणि रस्त्यावर कुणी बघत नाही. पाटी दिसली की स्पीड कमी, ओव्हरटेक बंद, गाणी बंद, काच खाली. गाणी बंद हे मी मुद्दाम लिहितोय. 2018 च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरला बिनगेटमनच्या फाटकावर स्कूल व्हॅन रेल्वेखाली आली, 13 मुलं गेली, आणि ड्रायव्हरच्या कानात इयरफोन होते असं तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं.

गेट बंद असेल तर आपल्या लेनमध्ये, पुढच्याच्या मागं, थांबायच्या रेषेअलीकडं उभं राहा. एवढंच करायचंय पण हेच होत नाही. राँग साइडनं पुढं जाऊन तोंडाशी उभे राहणारे दोन्ही बाजूला असतात, गेट उघडलं की दोन्हीकडची तोंडं एकमेकांत अडकतात, कुणाला मागं घेता येत नाही, रुळावर चार गाड्या, आणि गेटमन शिट्ट्या मारून लाल झालेला. आमच्याकडं ऊसाच्या सीझनला हे रोज बघायला मिळतं.

गेट उघडलं म्हणून लगेच घालायची नाही. रुळाच्या पलीकडं आपली अख्खी गाडी मावेल एवढी जागा दिसली तरच पुढं. पहिला गिअर, एकाच दमात पार, मध्ये गिअर बदलायचा नाही, बऱ्याच गाड्या बंद पडतात त्या इथंच. डबल लाइन असेल तर एक गाडी गेली म्हणून दांड्याखालून पळू नका, दुसरी उलट्या बाजूनं येत असते आणि पहिलीच्या आवाजात ती ऐकूच येत नाही.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी थोडं जास्त लिहितो. ट्रॅक्टर आणि मागं ऊसाच्या दोन ट्रॉल्या, लांबी पंधरा-सतरा मीटर सहज. फाटकाची रुंदी धरून शेवटची ट्रॉली सुरक्षित बाहेर पडेपर्यंत तीसेक मीटर जायचं असतं, आणि भरल्या ट्रॉल्या रुळावरून माणसाच्या चालीनंच जातात, म्हणजे वीस-बावीस सेकंद लागणारच. तिकडं 110 च्या स्पीडची गाडी सेकंदाला तीस मीटर खाते. वीस सेकंदात सहाशे मीटर. आणि ब्रेक मारून जागेवर उभी राहायला ती ट्रॅक्टर थोडीच आहे, तिला किलोमीटरच्या आसपास लागतं. गाडी "लांब दिसतीय" म्हणजे काय ते आता तुम्हीच बघा.

आता बिनगेटमनचं फाटक. ब्रॉडगेजवरची असली सगळी फाटकं जानेवारी 2019 पर्यंत बंद केली किंवा तिथं गेटमन दिला किंवा खालून-वरून रस्ता काढला, म्हणून लोकांना वाटतं हा विषयच संपला. पण कारखान्यांच्या सायडिंगवर, म्हणजे कारखान्यात जाणाऱ्या रुळांवर, जुन्या छोट्या लाइनवर अजून गाठ पडू शकते, आणि कायदा तर आहे तसाच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 131 सांगतं की अशा फाटकाआधी गाडी थांबवायचीच, मग कंडक्टर, क्लीनर किंवा गाडीतल्या कुणालातरी चालत रुळापर्यंत पाठवायचं, त्यानं दोन्ही बाजू बघायच्या, रेल्वेची ट्रॉलीसुद्धा येत नाही ना ते बघायचं, आणि मग पुढं चालत गाडी पार करून द्यायची. दुसरं कुणी नसेल तर ड्रायव्हरनं स्वतः उतरायचं.

लहानपणी आजोळच्या एसटीला असलं एक फाटक लागायचं. गाडी थांबायची, कंडक्टर पैशाची बॅग सावरत उतरायचा, रुळाच्या मधोमध उभं राहून कपाळावर हात धरून आधी डावीकडं मग उजवीकडं बघायचा, आणि हात हलवायचा. आम्हाला वाटायचं हा पाय मोकळे करायला उतरतो. तो कलम 131 पाळत होता हे मला चाळिशीत कळलं.

न थांबता गाडी काढली, किंवा रेल्वे दिसत असताना काढली, तर रेल्वे कायद्याचं कलम 161, एक वर्षापर्यंत कैद. ह्यात फक्त मोटारी नाहीत, वाहन हाकणारा किंवा नेणारा कुणीही, म्हणजे बैलगाडीवालापण आला. फेब्रुवारी 2005 मध्ये नागपूरजवळ कन्हान भागात अशाच फाटकावर वऱ्हाडाची ट्रॅक्टर-ट्रॉली रेल्वेखाली आली होती, पन्नासच्या वर माणसं गेली.

आणि गेट उघडं आहे पण गेटमन दिसत नाही, काहीतरी गडबड वाटतीय, तर? तिथंही उतरून बघा. जुलै 2025 ला तमिळनाडूत कडलूरजवळ गेटमन असलेल्या फाटकावर स्कूल व्हॅनला रेल्वेनं उडवलं, तीन मुलं गेली, गेटमन निलंबित झाला, अटक झाला. चूक त्याची धरली म्हणून मुलं परत येत नाहीत. त्यानंतर गेटवर सीसीटीव्ही बसवायचे आदेश निघाले, म्हणजे आता दांडा उचलणाराही कॅमेऱ्यात येणार हे जाता जाता.

ट्रकवाल्यांनी हाइट गेज बघायचं, तो रस्त्यावरचा उंच आडवा लोखंडी पाइप. त्याला माल घासत असेल तर परत फिरा. पुढं वर 25,000 व्होल्टची तार आहे, कडबा-कापसाच्या गाडीवर माणसं बसलेली असतील तर त्यांना आधीच खाली उतरवा, शॉक बसायला तारेला हात लागायचीसुद्धा गरज नसते.

गाडी रुळावर बंद पडली तर? आधी माणसं उतरवा. सामान नाही, मोबाइल चार्जर नाही, माणसं. दोन-चार जणांनी एकदा धक्का मारून बघा, नाही हलली तर सोडा. गेटमन असेल तर त्याच्याकडं पळा, त्याच्याकडं स्टेशनचा फोन, लाल झेंडी, रुळावर ठेवायचे इशाऱ्याचे फटाके सगळं असतं. नसेल तर 139 लावा, आणि जमेल तेवढं लांब, रुळाच्या बाजूनं, गाडी ज्या दिशेनं यायची शक्यता आहे तिकडं पळत जा. दिशा माहीत नसेल तर एक इकडं एक तिकडं. लाल कापड हलवा. कापड नसेल तर दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरा, रेल्वेच्या नियमात ही थांबायचीच खूण आहे. रात्री मोबाइलचा टॉर्च जोरजोरात हलवला तरी लोको पायलट, म्हणजे रेल्वेचा ड्रायव्हर, तो धोक्याचा इशारा समजतो.

फोनवर "गावाबाहेरच्या फाटकावर" असं सांगू नका, असली फाटकं शंभर आहेत. गेटच्या केबिनवर फाटकाचा नंबर रंगवलेला असतो, तो सांगा. तोही सापडला नाही तर रुळाशेजारच्या तारेच्या खांबावर दोन आकडे असतात, वर किलोमीटर आणि खाली खांबाचा नंबर, ते दोन्ही वाचून दाखवा, गाडी नक्की कुठं उभीय ते त्यांना लगेच कळतं.