सातारा-सांगलीतून बी.एड.ला अर्ज: कॉलेज आणि खर्च कसा जोखावा

बी.एड. करायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिला प्रश्न निघतो, "नंबर कुठं लागेल?" त्याआधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं: कोणत्या इयत्तेला आणि कोणता विषय शिकवायचा आहे? उत्तर चुकलं तर दोन वर्षं आणि फी दोन्ही भलत्याच ठिकाणी खर्ची पडतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बी.एड. चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर त्या वर्गांसाठी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविकाच लागते. सहावी ते आठवीसाठी बी.एड. चालतं, पण टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर उत्तीर्ण हवा. तो १५० गुणांचा असतो आणि उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, मागास प्रवर्गांना ५५ टक्के लागतात. नववी-दहावी हे बी.एड.चं मुख्य क्षेत्र. ज्युनिअर कॉलेजला जायचं तर त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर बी.एड. असं दोन्ही लागतं. म्हणून एम.ए. किंवा एम.एस्सी. अर्धवट सोडून बी.एड.ला पळणं बहुधा तोट्याचं ठरतं.

आता विषय. भरतीत पदवीचा विषय आणि बी.एड.ची अध्यापन पद्धती, म्हणजे बोलीत मेथड, यांचा मेळ पाहिला जातो. बी.एस्सी. गणित झालेल्याने गणिताची मेथड घेतली तर अडचण येत नाही. बी.कॉम., बी.सी.ए., बी.बी.ए. झालेल्यांनी मात्र अर्जाआधी थांबून विचार करावा. प्रवेश मिळाला म्हणजे शाळेत त्या विषयाची जागा असतेच असं नाही. बी.कॉम.वाल्यांना खरा वाव ज्युनिअर कॉलेजात, तोही एम.कॉम. झाल्यावर. मराठी, हिंदी, इतिहास या विषयांत उमेदवार भरपूर असतात, हे मनाशी धरूनच पुढं जावं.

पगाराचा आकडाही आधीच माहीत असावा. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार आहे. कर्ज काढणार असाल तर हप्ता या रकमेतून जाणार आहे. तीन वर्षांनंतरच्या वेतनश्रेणीवर आज हिशोब मांडू नका.

पात्रता आणि सीईटी

पदवी किंवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के गुण हवेत, राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४५ टक्के. अभियांत्रिकी पदवीधरांना ५५ टक्के लागतात. शेवटच्या वर्षाला बसलेल्यांना सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, देता येते, पण प्रवेशावेळी निकाल हातात लागतो.

सीईटी राज्याचा सीईटी कक्ष घेतो, संगणकावर. ९० मिनिटांत १०० प्रश्न: मानसिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात शहाणपण नाही. वेळ खाणारा भाग मानसिक क्षमतेचा आणि गुणही तिथंच जास्त. आकृत्या, मालिका, सांकेतिक भाषा यांचा रोज अर्धा तास सराव दोन महिने केला तरी फरक पडतो. सामान्य ज्ञानासाठी जाडजूड ठोकळे पाठ करत बसण्यात तेवढा लाभ नाही. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचं असेल तर इंग्रजीची वेगळी चाचणी असते. ती अर्ज भरतानाच निवडावी लागते, नंतर सांगून उपयोग होत नाही.

दरवर्षी हमखास होणारा घोटाळा पुढचा आहे. सीईटीचा अर्ज वेगळा आणि प्रवेशफेरीचा, म्हणजे कॅपचा, अर्ज वेगळा. सीईटीला चांगले गुण मिळवून पुढची नोंदणी न केल्यामुळे बाहेर राहणारी मुलं असतात. निकाल लागल्यापासून सीईटी कक्षाचं संकेतस्थळ दर दोन दिवसांनी उघडून पाहा. सायबर कॅफेवाला फोन करेल या भरवशावर राहू नका. अर्जात मोबाईल नंबर आणि ई-मेलही स्वतःचाच द्या, कॅफेवाल्याचा नव्हे. ओटीपी त्यावरच येतात.

कागद

नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच अर्जात हवं. लग्न झालेल्या मुलींचं इथं हटकून अडतं: पदवी माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेवा. जातीचा पुरावा मात्र लग्नानंतरही वडिलांच्या बाजूचाच लागतो.

सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जात पडताळणी. प्रस्ताव जिल्हा समितीकडे जातो आणि त्यात वडील-आजोबांचे शाळेचे दाखले, महसुली नोंदी जोडाव्या लागतात. आजोबांचा दाखला दुसऱ्या तालुक्यातल्या जुन्या शाळेत असेल तर तो शोधण्यातच आठवडे जातात. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या दिवाळीआधी प्रस्ताव दाखल करावा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. जुनं प्रमाणपत्र घरात आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्यांची जूनमध्ये सेतू केंद्रासमोर गर्दी होते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसी प्रमाणपत्र यांपैकी लागू असेल ते एप्रिलमध्येच काढा. पदवीनंतर खंड पडला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्रही लागतं.

फी हा खर्चाचा एक भाग

विनाअनुदानित कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि कॉलेजनिहाय आकडे त्याच्या संकेतस्थळावर असतात. कॉलेजात जाण्याआधी तो आकडा लिहून घ्या. त्यापेक्षा जास्त मागितलं तर कशाचे, हे विचारा आणि पावती घ्या. विद्यापीठाचं शुल्क, परीक्षा फी, परत मिळणारी अनामत हे समजण्यासारखं आहे. 'विकास निधी', 'देणगी' अशा नावांखाली बिनपावतीचे पैसे मागणं बेकायदा आहे. देणगी घेऊन प्रवेश देण्यास राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

सवलतींचं गणित नीट समजून घ्या, कारण सगळा हिशोब त्यावर फिरतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर खुल्या प्रवर्गाला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नमर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या आहेत. या सगळ्याला एक सामाईक अट: प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्यातून, घेतलेल्या जागेवर हे लाभ मिळत नाहीत. "फेऱ्यांची वाट कशाला पाहता, आजच जागा पक्की करा," असं कोणी म्हणालं तर त्या घाईची किंमत दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे.

एक हिशोब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल. आटपाडीजवळ राहणाऱ्या उमेदवारापुढे दोन पर्याय आहेत. तालुक्यातल्या कॉलेजचं शिक्षण शुल्क वर्षाला ५० हजार, एसटीचा पास महिना ९००. सांगलीतल्या कॉलेजचं शुल्क २५ हजार, पण खोली आणि मेस मिळून महिना ५,५००. वर्षाचे दहा महिने धरले तर सवलत नसताना पहिल्याचा खर्च ५९ हजार आणि दुसऱ्याचा ८० हजार. निम्मी फी मिळणाऱ्या मुलासाठी तोच खर्च ३४ हजार आणि साडेसदुसष्ट हजार होतो. ओबीसी मुलीला शिक्षण शुल्क माफ असल्याने उरतात ९ हजार आणि ५५ हजार. म्हणजे 'स्वस्त फीचं कॉलेज' तिघांनाही महाग पडलं, आणि फी माफ असलेल्या मुलीसाठी तर फीचा आकडा निवडीतून बाद झाला. तिने फक्त अंतर आणि कॉलेजचा दर्जा पाहावा. सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात घर असणाऱ्याचं गणित उलट, तिथं फीच निर्णायक.

एसटीच्या विद्यार्थी पासात तिकिटाच्या एक तृतीयांश पैसे पडतात, पण वेळेला सवलत नाही. दहिवडीहून साताऱ्याला किंवा जतहून सांगलीला रोज ये-जा करायची तर दिवसाचे चार तास बसमध्ये जातात आणि बी.एड.चं वेळापत्रक आठवड्याला ३६ तासांचं असतं. त्यात पाठाच्या टाचणांना वेळ कुठून काढणार? शिवाय आज शिकवणीवर्गात किंवा दुकानात महिना आठ हजार मिळत असतील तर दोन वर्षांतल्या वीस महिन्यांत १ लाख ६० हजार बुडतात. हा आकडा कुठल्याच माहितीपत्रकात नसतो, तरी तो कागदावर मांडावा.

कर्ज लागलंच तर बँकांच्या आदर्श योजनेत चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. बी.एड.साठी यापुढे जाण्याचं कारण नाही.

कॉलेज पाहायला जा

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात, त्यामुळे संलग्न कॉलेजांचा अभ्यासक्रम साधारण एकच. फरक पडतो तो शिकवणाऱ्यांत आणि शाळांशी असलेल्या संबंधांत. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेचं आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन आहे. अशा कॉलेजांमागे संस्थेच्या स्वतःच्या शाळा असतात आणि इंटर्नशिपला त्याचा उपयोग होतो. पण नावावर विसंबू नका. कामाच्या दिवशी, साधारण अकरा वाजता, न कळवता जा.

आधी एनसीटीईचं, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचं, मान्यतापत्र आणि त्यातली प्रवेशक्षमता पाहा. ५० विद्यार्थ्यांच्या एका तुकडीच्या कॉलेजात दोन्ही वर्षं मिळून आठ पूर्णवेळ अध्यापक हवेत. फलकावर आठ नावं आणि स्टाफरूममध्ये दोन माणसं दिसली तर काय ते समजून घ्या. तुमच्या मेथडचा अध्यापक कोण, हे नावानिशी विचारा. गणिताची मेथड इतिहासाचे सर घेत असतील तर पाठांवरचे अभिप्राय "छान, फळ्याचा वापर वाढवा" यापुढे जात नाहीत.

इंटर्नशिपबद्दल खोदून विचारा, कारण बी.एड.मधलं शिकणं मुख्यतः तिथंच होतं. दोन वर्षांत २० आठवडे शाळेत जायचं असतं, त्यांतले १६ दुसऱ्या वर्षी सलग. कोणत्या शाळा, किती मुलांचे वर्ग, पाठ पाहायला अध्यापक प्रत्यक्ष येतात का, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कॅन्टीनवर विचारा. कार्यालयात खरं उत्तर मिळेलच असं नाही. गावाजवळची शाळा मिळू शकते का, तेही विचारा. मिळाली तर त्या महिन्यांचं खोलीभाडं वाचतं.

हजेरी तासांना ८० टक्के आणि इंटर्नशिपला ९० टक्के लागते. "यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या," असं सांगणारं कॉलेज सोयीचं वाटतं, पण तिथून पाठ न घेता बाहेर पडलेला माणूस पहिल्याच नववीच्या वर्गात उघडा पडतो. परराज्यातली घरबसल्या पदवी विकणारे एजंट तर दारातूनच परत पाठवावेत. नोकरीच्या वेळी मान्यता आणि हजेरीची पडताळणी झाली की सगळं संपतं. नोकरीत असलेल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा सरळ मार्ग आहे.

पसंतीक्रम

पसंती खऱ्या इच्छेच्या क्रमाने भरा. "वरचं कॉलेज मिळणार नाही, म्हणून खालचं आधी टाकतो" हा डाव अंगलट येतो: गुणांत वरचं मिळत असतानाही यंत्रणा तुम्हाला खालचं देऊन मोकळी होते. आणि जिथं काही झालं तरी जाणार नाही, ते कॉलेज यादीत टाकूच नका. जागा लागल्यावर ती स्वीकारायची की पुढच्या फेरीसाठी थांबायचं, याचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून वाचा, गेल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या मित्राकडून नको.

एम.एड.बद्दल थोडक्यात. त्याला बी.एड.ला ५० टक्के आणि वेगळी सीईटी लागते, कालावधी दोन वर्षं. अध्यापक विद्यालयात किंवा बी.एड. कॉलेजात शिकवायचं असेल तरच तो खर्च सार्थकी लागतो, आणि बी.एड. कॉलेजासाठी तर सोबत बहुधा नेट-सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षाही लागते. शाळेतली नोकरी मिळेपर्यंत वेळ काढायला एम.एड. करू नये, ती दोन वर्षं टीईटी आणि शिक्षकभरतीच्या अभियोग्यता चाचणीला दिलेली बरी.

प्रवेश झाल्यावर त्याच आठवड्यात महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा आणि बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन तपासा. अर्ज कॉलेजच्या लॉगिनमधून पुढं सरकावा लागतो. तो तिथंच पडून राहतो तेव्हा दोष विद्यार्थ्याचा नसतो, पण पैसे त्याचेच अडकतात. दर पंधरवड्याला स्थिती पाहा आणि लिपिकाला अर्ज क्रमांकासह विचारा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज आपोआप जात नाही, तो पुन्हा भरावा लागतो, आणि त्यासोबत पहिल्या वर्षाची गुणपत्रिका लागते.