कॉमिकमधल्या गुन्हेगारी सूत्रधाराचे काल्पनिक चरित्र कसे लिहावे

मराठीत कॉमिक लिहू पाहणारे बहुतेक लेखक नायकापासून सुरुवात करतात. त्याचा पोशाख ठरतो, त्याची शक्ती ठरते, आणि खलनायक उरलेल्या जागेत बसवला जातो. अंगबळावर लढणाऱ्या खलनायकाच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाते, परंतु जो स्वतः हात न उचलता दहा जणांकडून काम करवून घेतो, त्याच्या बाबतीत कथा तिथेच कोसळते. लोक त्याचे का ऐकतात, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी भूतकाळात असते. म्हणून पहिले पान रेखाटण्यापूर्वी त्याचे जन्मापासूनचे चरित्र लिहून काढावे, आणि वाचकाला त्यातला फार थोडा भाग दिसणार आहे हे माहीत असूनही ते पूर्ण लिहावे.

अभ्यासासाठी किंगपिन, म्हणजे विल्सन फिस्क, हे पात्र घ्यावे. जुलै १९६७ च्या अंकात स्टॅन ली आणि जॉन रोमिटा यांनी त्याला स्पायडर-मॅनचा शत्रू म्हणून आणले. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेला, लठ्ठपणामुळे हिणवला गेलेला हा मुलगा शरीर कमावतो, एका टोळीप्रमुखाचा अंगरक्षक होतो आणि पुढे त्यालाच संपवून टोळी ताब्यात घेतो. व्हेनेसा ही त्याची पत्नी. रिचर्ड हा मुलगा, जो बापाचे खरे रूप कळल्यावर वेष पालटून त्याच्याच विरुद्ध उभा राहतो. जगासमोर मात्र फिस्क हा मसाल्यांचा साधा व्यापारी असतो. १९८६ मधल्या डेअरडेव्हिल या वकील असलेल्या नायकाच्या कथेत हा माणूस नायकावर एकही ठोसा न मारता त्याचे बँक खाते गोठवतो, त्याची वकिलीची सनद घालवतो, त्याच्या घरावर जप्ती आणतो, आणि हे सारे दुर्दैवाचे फेरे वाटावेत अशा रीतीने करतो. त्यानंतर तो ते घर स्फोटाने उडवून देतो, आणि त्या एका अनावश्यक कृत्यामुळेच नायकाला यामागचा हात ओळखू येतो. सूत्रधाराचे चरित्र लिहिणाऱ्याने शिकण्यासारखे जवळजवळ सर्व काही या एका कथेत आहे: त्याचे शस्त्र कागद असते, आणि आपले कर्तृत्व कोणाला तरी कळावे ही भूक त्याला बुडवते.

आता हे पात्र आपल्या जिल्ह्यात आणायचे, तर पहिल्यांदा त्याचा धंदा निश्चित करावा. नाव, चेहरा, बालपण हे सर्व त्यानंतर यावे, कारण धंद्यावरून त्याच्या हाती कोणती माणसे आणि कोणते कागद येतात हे ठरते. सांगली ही हळदीची देशातली मोठी बाजारपेठ आहे आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मार्केट यार्डात शेतकऱ्याची पोती अडत्याच्या, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाच्या, दुकानी उतरतात, सौदे निघतात, तोलाई होते, हमाली कापली जाते आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात हिशेबाची पट्टी पडते. पीक येण्याआधी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या पट्टीतूनच वळती होते. या व्यवहारात मुळात गैर काहीच नाही, आणि असंख्य प्रामाणिक दुकाने त्यावर चालतात. म्हणूनच आपल्या सूत्रधारासाठी ही जागा योग्य आहे, कारण त्याचे प्रत्येक पाऊल बाहेरून रोजच्या कामासारखेच दिसले पाहिजे. तस्करी, खंडणी, बनावट नोटा असे परिचित गुन्हे त्याच्या गळ्यात घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. वाचकाला जो व्यवहार समजतो, त्यातला गुन्हा त्याला अधिक अस्वस्थ करतो.

उदाहरणासाठी एक पूर्णपणे काल्पनिक माणूस घेऊ. सारे त्याला ‘अप्पा’ म्हणतात, आणि आडनाव आपण कथेत कुठेही देणार नाही. जिल्ह्यात एखाद्या आडनावाची शेकडो घरे सापडतील आणि काल्पनिक गुन्ह्याचा डाग खऱ्या कुटुंबावर पडेल, ही काळजी लेखकाने घ्यायलाच हवी. अप्पाचा जन्म आपण १९५८ मध्ये, जत तालुक्यातल्या कोरडवाहू गावात धरू. सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग दुष्काळी आणि पश्चिम भाग कृष्णा-वारणेच्या पाण्याने भिजलेला, हा विरोध इथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. अप्पाचे सारे आयुष्य म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे, कोरड्याकडून ओल्याकडे केलेला प्रवास आहे, असे ठरवले की त्याच्या हव्यासाला दिशा मिळते.

बालपण लिहिताना लेखक सहसा एखादी जखम शोधतात: बापाचा खून, आईचा अपमान, जळालेले घर. माझ्या मते जखमेपेक्षा धडा अधिक उपयोगी पडतो. जखमेतून फक्त सूड निघतो, तर धड्यातून कार्यपद्धती निघते. १९७२ च्या दुष्काळात अप्पा चौदा वर्षांचा आहे आणि आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडतो आहे. तिथे त्याला दिसते की मुकादमाच्या हजेरीपटावर काही नावे अशी आहेत, ज्यांनी कधी हातोडा धरलेला नाही, आणि काही माणसे अशी आहेत, जी दिवसभर उन्हात राबूनही पटावर नाहीत. ज्याच्या हाती पट त्याच्या हाती भाकरी, हे त्याला तिथे कळते. त्यावर त्याने चिडू नये. त्याने मुकादमाला हजेरी लिहिण्यात मदत करायला पुढे व्हावे, कारण त्याचे अक्षर चांगले आहे. त्याचा पहिला गुन्हा म्हणजे एक खोटे नाव लिहिणे, आणि ते नाव आजारी शेजाऱ्याचे असल्यामुळे वाचकाला तो गुन्हा वाटूही नये. पुढच्या पन्नास वर्षांतले प्रत्येक कृत्य या पहिल्या कृत्याचे मोठे रूप असावे.

तरुणपणाची वर्षे थोडक्यात उरकावीत. तो सांगलीत येतो, दिवाणजी म्हणून कामाला लागतो, मालकाचा विश्वास मिळवतो, स्वतःचा गाळा घेतो. एवढे पुरे.

खरा विस्तार करावा तो उदयाच्या वर्षाचा, आणि त्यासाठी सांगलीच्या इतिहासात २००५ हे वर्ष आहे. त्या वर्षीच्या महापुरात सांगलीजवळच्या हरिपूरची बहुतेक पेवे गेली. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले हळद साठवण्याचे कोठार. हरिपूरच्या विशिष्ट मातीमुळे त्यात हळद कित्येक वर्षे कीड न लागता राहत असे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही, कारण बंद पेवातल्या हवेत प्राणवायू कमी झालेला असतो आणि जीव जाण्याची भीती असते. आता लेखकाने विचार करावा, की पूर ओसरल्यावर कोणाचे काय हरवलेले असेल. शेतकऱ्याचा माल गेला, त्याच्या पावत्या भिजल्या, आणि कोणाची किती पोती कोणत्या पेवात होती याची एकमेव कोरडी वही अप्पाच्या माडीवर राहिली. अप्पा कोणाला लुबाडत नाही. तो सगळ्यांना उचल देतो, घर उभारायला पैसे देतो, आणि तारण म्हणून जमिनीचे खरेदीखत लिहून घेतो. पैसे फिटले की जमीन परत, असे तोंडी ठरते. पुराच्या चिखलात उभ्या माणसाला तो देवासारखा वाटतो. वाचकालाही एक पूर्ण अंक तसाच वाटू द्यावा.

इथे कायद्याची माहिती असली, तर कथेला आपोआप धार येते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सावकारीच्या व्यवहारातून सावकाराच्या ताब्यात गेलेली स्थावर मालमत्ता कर्जदाराला परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक देऊ शकतो. परंतु ती मालमत्ता अर्जाच्या तारखेपूर्वीच्या पंधरा वर्षांच्या आत गेलेली असावी लागते. म्हणजे २००५ च्या पावसाळ्यानंतर झालेल्या खरेदीखतांची मुदत २०२० मध्ये संपते. अप्पाला कोणाला मारण्याची, धमकावण्याची गरजच नाही. त्याला फक्त २०२० सरेपर्यंत लोकांना कृतज्ञ ठेवायचे आहे. मध्ये २०१९ चा महापूर येतो, पुन्हा कागद भिजतात, पुन्हा अप्पा मदतीला धावतो, आणि त्या मदतीमागे उरलेले महिने मोजणारा मेंदू असतो. नायक किंवा नायिका कथेत आणायची, तर ती २०१९ च्या पुरानंतर आणावी, कारण तेव्हा तिच्याजवळ वेळ फार थोडा उरतो.

चरित्राच्या सोबतीला देणेकऱ्यांची एक वही करावी. अप्पाच्या शब्दावर चालणाऱ्या प्रत्येक माणसाला तिच्यात एक पान द्यावे आणि त्याला अप्पाने काय दिले, केव्हा दिले आणि तो कशाला नाही म्हणू शकत नाही, हे लिहावे. एका हमालाच्या मुलीची मिरजेतल्या कॉलेजची फी अप्पाने भरली आहे. एका तोलाईदाराच्या भावाचे इस्पितळाचे बिल त्याने चुकते केले आहे. एका वयस्क नटाला त्याने उतारवयात घर दिले आहे, आणि हा नट सर्वांत धोकादायक, कारण तो अप्पावर खरोखर माया करतो. सांगलीला मराठी नाटकाची परंपरा आहे, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी तिचा पाया इथेच घातला. तेव्हा अप्पा नाटकांचा आश्रयदाता असणे स्वाभाविक आहे. त्याचे नाटकावरचे प्रेम मात्र खोटे दाखवू नये. सूत्रधाराचे सगळेच सद्गुण मुखवटे निघाले, की वाचकाला त्याची भीती वाटणे थांबते.

घराकडेही तितक्याच गांभीर्याने पाहावे. फिस्कच्या आयुष्यात त्याचे साम्राज्य पोलिसांपेक्षा पत्नी आणि मुलामुळे अधिक हादरते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. अप्पाच्या पत्नीला सारे माहीत आहे की काहीच माहीत नाही, हे लेखकाने आधी ठरवावे आणि मग कुठेही बदलू नये. माझा कल असा, की तिला २००५ पासून माहीत असावे आणि तिने एकदाही विचारलेले नसावे. संवादातही अप्पाची एक शिस्त ठेवावी: तो हमालापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांना ‘अहो’ म्हणतो, पोरांनासुद्धा. ज्या चौकटीत तो एखाद्याला प्रथमच ‘अरे’ म्हणेल, त्या चौकटीत वेगळी धमकी लिहावी लागणार नाही.

त्याचा कमकुवत दुवा त्याच्या गुणातूनच काढावा. अप्पाचे अक्षर सुंदर आहे आणि खरा हिशेब लिहून ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तोंडी ठरलेल्या अटी, फिटलेले हप्ते, परत न केलेल्या जमिनी हे सर्व त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहे आणि ती वही महापुरातून वाचलेल्या एका पेवात ठेवली आहे. ती शोधायला आलेल्या माणसाला पेवाच्या तोंडाशी थांबावे लागेल, आतली हवा बदलेपर्यंत. आणि त्या थांबण्यातून दोन पाने शब्दांशिवाय रंगवता येतील.

चित्रकाराला चरित्र देताना अप्पाचे शरीर वर्णन करण्याऐवजी त्याची जागा सांगावी. फिस्कला चित्रकार चौकट भरून टाकणारा प्रचंड देह देतात, कारण न्यूयॉर्कच्या त्या मालिकेचा स्वभाव भडक आहे. अप्पा किरकोळ बांध्याचा असावा, पण प्रत्येक चौकटीत बाकीची माणसे त्याच्याभोवती जागा सोडून उभी असावीत. १९२९ चा आयर्विन पूल, कृष्णेचा घाट, गणपती मंदिर, हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम ही ठिकाणे पाण्याच्या वेगवेगळ्या पातळ्यांसह काढून घ्यावीत. २००५ आणि २०१९ ही दोन वर्षे चित्रातूनच ओळखू आली, तर निवेदनाची पट्टी टाळता येते. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जात असल्यामुळे ओळींमध्ये जास्त जागा लागते, म्हणून संवादाच्या फुग्यात पंधरा-वीस शब्दांपलीकडे जाऊ नये. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी आवृत्त्यांवर वाढलेल्या पिढीला दाटीवाटीने भरलेले फुगे नक्की आठवत असतील.

ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनाही चरित्रात नावे, वये आणि जमिनीच्या गटाचे क्षेत्र द्यावे. ‘काही शेतकरी’ असे लिहून भागवू नये. चतुर माणसाच्या कथेत वाचक चातुर्याच्या बाजूला झुकतो, आणि त्याला परत आणण्याचे काम ही माणसेच करतात.

शेवटी सर्व घटनांचा एक कालपट करावा: वर्ष, अप्पाचे वय, काय घडले, ते कोणाला माहीत आहे, आणि त्याचा कागद कोणाकडे आहे. यातला ‘कोणाला माहीत आहे’ हा रकाना प्रत्येक अंक पूर्ण झाल्यावर नव्याने भरावा, कारण सूत्रधाराच्या कथेत होणाऱ्या बहुतेक चुका तिथेच सापडतात: एखादे पात्र त्याला न कळलेली गोष्ट बोलून जाते, किंवा कळलेली गोष्ट विसरते. तो रकाना भरताना एखाद्या अंकानंतर कोणाच्याच माहितीत भर पडलेली नाही असे आढळले, तर तो अंक चित्रकाराकडे पाठवण्याआधी पुन्हा लिहावा.