या चुका टाळा : 'डिस्कस'नंतर 'अबाऊट' नको

'वी विल डिस्कस अबाऊट द बजेट' हे वाक्य ऑफिसच्या मेलमध्ये सर्रास दिसतं. त्यातला 'अबाऊट' काढून टाका. 'वी विल डिस्कस द बजेट' एवढंच बरोबर आहे.

आपण मराठीत बजेटविषयी चर्चा करतो, म्हणून तो 'विषयी' इंग्रजीतही हवासा वाटतो. पण 'डिस्कस' सकर्मक आहे; चर्चेचा विषय त्याच्यामागे थेट येतो. 'विथ' चालतो, पण तो माणसासाठी : 'आय डिस्कस्ड द बजेट विथ माय मॅनेजर'.

खरा घोळ होतो नामामुळे. 'डिस्कशन' आलं की 'अबाऊट' बरोबर ठरतो : 'वी हॅड अ डिस्कशन अबाऊट द बजेट'. 'रिक्वेस्ट'चं तर रूपही बदलत नाही, त्यामुळे तिथे हमखास फसायला होतं. 'माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर, कारण तिथे ते नाम आहे. 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' चूक. 'आय रिक्वेस्ट लीव्ह' म्हणा. 'आन्सर'ही याच जातीचं : 'द आन्सर टू द क्वेश्चन', पण 'आन्सर द क्वेश्चन'. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी चूक शोधताना आधी शब्द नाम आहे की क्रियापद हे बघावं.

लग्न आपण कोणाशी तरी करतो, म्हणून 'मॅरीड विथ अ डॉक्टर' तोंडात येतं. इंग्रजीत 'शी इज मॅरीड टू अ डॉक्टर', किंवा नुसतं 'शी मॅरीड अ डॉक्टर'. 'मॅरीड विथ टू किड्स' मात्र शुद्ध आहे. त्याचा अर्थ लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत.

उलट, 'माझं ऐक'मध्ये शब्दयोगी अव्यय नाही, म्हणून 'लिसन मी' म्हटलं जातं. तिथे 'टू' हवाच. 'एक्स्प्लेन मी'सुद्धा चूक. 'एक्स्प्लेन इट टू मी' म्हणा.

'एंटर'कडे जरा नीट बघा. खोलीत शिरताना 'एंटर द रूम', पण करार करताना 'एंटर इंटू अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट'. म्हणूनच सुटं क्रियापद पाठ करू नका. वहीत 'डिस्कस समथिंग विथ समबडी' असा अख्खा साचा उतरवा. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या शब्दकोशांत प्रत्येक क्रियापदाखाली असे साचे दिलेले असतात.