ऑनलाइन बुद्धिबळात ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांच्या झटपट डावात) सारखा टाईम संपतो? हे करून बघा
आधी ३+० (प्रत्येकाला नुसती ३ मिनिटं) सोडा आणि ३+२ लावा, दर चालीला २ सेकंद जास्तीचे मिळतात त्यामुळे जिंकत आलेला डाव नुसत्या घड्याळावर सहज जात नाही. ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) पांढऱ्याने एक, काळ्याने समोरच्याच्या ई४ आणि डी४ या पहिल्या चालींना एकेक, बास, रोज नवीन ट्रॅप शिकत बसू नका. प्रीमूव्ह (समोरच्याची चाल व्हायच्या आधीच लावून ठेवलेली आपली चाल) मुख्यतः परत मारायला वापरा, म्हणजे डी४वर तुमचा घोडा आहे, वजिराने तिथेच मारायचा प्रीमूव्ह लावला आणि समोरच्याने घोडा मारलाच नाही तर तो प्रीमूव्ह आपोआप रद्द होतो, नुकसान शून्य! बाकी ठिकाणी आंधळा प्रीमूव्ह म्हणजे वजीर फुकट. आणि हरल्या हरल्या रीमॅच नको, आधी इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) न लावता कुठे फसलो ते शोधा, बुलेट (ब्लिट्झहूनही कमी वेळाचा डाव) तर सध्या विसराच.