मराठी नावाचे डोमेन निवडताना

ठाण्याच्या नौपाड्यात घरगुती पापड-कुरडया करून विकणाऱ्या एका महिला गटाला नवे संकेतस्थळ सुरू करायचे होते आणि त्यासाठी 'वाळवण' हे नाव सर्वांना एकमताने पसंत पडले होते. बोलायला आणि ऐकायला ते उत्तमच आहे. परंतु डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, बहुतेक वेळा रोमन अक्षरांत टंकित होते, आणि तेथे आरंभीचा 'व' व्हीने लिहायचा की डब्ल्यूने, 'वा'साठी एक ए की दोन, नंतरचा 'व' पुन्हा कोणत्या अक्षराने, असे मोजत गेल्यास आठ प्रकारची स्पेलिंग तयार होतात आणि त्यांतील एकालाही चूक म्हणता येत नाही. शिवाय रोमन लिपीत ळ आणि ल यांतला भेद उरत नाही, ऱ्हस्वदीर्घही बहुधा पुसले जातात, त्यामुळे लोणावळ्याजवळच्या वळवण धरणाचे नावही त्याच अक्षरांत येते. 'कलाघर' हे नाव तर कोणी 'काळा घर' असेही वाचू शकेल.

म्हणून मराठी नाव घेताना पहिली कसोटी कानाची असावी. ऐरोलीला किंवा वाशीला राहणाऱ्या एखाद्या नातेवाईकाला दूरध्वनी करावा, नाव एकदाच उच्चारावे, स्पेलिंग सांगू नये आणि ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवण्यास सांगावे. पाच जणांपैकी चौघांनी एकसारखे लिहिले, तर नाव चालण्यासारखे आहे. 'पापड' किंवा 'मोदक' यांसारख्या शब्दांचे रोमन रूप पाकिटांवर आणि पाट्यांवर वर्षानुवर्षे रुळलेले असल्याने ते या कसोटीला सहज उतरतात. नावावर फारच जीव जडला असेल, तर सर्वांत प्रचलित स्पेलिंग मुख्य ठेवावे आणि आणखी एक-दोन विकत घेऊन ती मुख्य पत्त्याकडे वळवावीत. आठही घेणे परवडत नाही.

नाव 63 अक्षरांपर्यंत लांब असू शकते, पण दोन छोट्या शब्दांपलीकडे जाऊ नये. आकडा आणि जोडरेघ टाळावी, कारण तोंडी सांगताना '7' हा अंक की 'सात' हा शब्द, हा खुलासा प्रत्येक वेळी करावा लागतो. गावाचे नाव जोडण्याविषयी माझे मत सावध आहे. ठाण्याचे रोमन स्पेलिंग स्थानकाच्या पाटीमुळे सर्वांच्या डोळ्यांत बसलेले आहे, हे खरे; परंतु उद्या व्यवसाय नेरूळला हलला, तर तेच नाव अडचणीचे होते.

नाव शिल्लक आहे एवढ्यावर ते आपले होत नाही. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरील सार्वजनिक शोध विनामूल्य आहे. तेथे वस्तू आणि सेवांचे 45 वर्ग असून आपल्या वर्गात तसेच ऐकू येणारे नाव कोणी नोंदवले आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली डोमेन नावालाही व्यापारी नावासारखे संरक्षण मिळू शकते, असे स्पष्ट केलेले आहे.

नावाच्या शेवटी लागणाऱ्या शेपटाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. ग्राहक भारतातले असतील तर डॉट इन पुरेसे आहे. डॉट कॉमही मिळत असेल तर दोन्ही घ्यावीत. 2014 पासून देवनागरीत डॉट भारत उपलब्ध आहे आणि तेथे 'वाळवण' आपल्या ळसकट लिहिता येते, ही मला मनापासून आनंदाची गोष्ट वाटते. मात्र यंत्रणा ते नाव आतून रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात बदलून वापरते आणि अनेक ऑनलाइन अर्ज अशा नावावरचा ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत, म्हणून सध्या ते जोडीला ठेवावे.

सर्वाधिक काळजी नोंदणीच्या वेळी घ्यावी. या गटाचे पूर्वीचे डोमेन संकेतस्थळ बनवून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतले होते आणि तो फोन उचलेनासा झाल्यावर पाकिटांवर छापलेला पत्ता हातचा गेला. नोंदणीदार म्हणून आपलेच नाव, आपलाच मोबाइल क्रमांक आणि खात्याचा पासवर्ड आपल्याकडेच असावा. खात्यासाठी दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो आणि नूतनीकरणाची सूचना पोहोचतच नाही. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून भुलू नये, दुसऱ्या वर्षीचा दर आधी विचारून घ्यावा. एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांची नोंदणी करता येते. मुदत टळून डॉट कॉमचे नाव रद्द झाले, तरी त्यानंतरचे 30 दिवस ते जादा शुल्क भरून सोडवता येते. ते दिवस उलटले, की थोड्याच अवधीत ते पुन्हा कोणालाही घेता येते.