पाण्याकाठचं घर आणि दारात होडी: सीमाभागात जागा घेताना या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यात होडीसाठी घर शोधायचं असेल तर घराआधी पाणी बघायला हवं. तेही दोनदा: एकदा मे महिन्यात, एकदा ऑगस्टमध्ये. 2019 साली मे महिन्यात अथणी-चिकोडीकडे कृष्णेचं पात्र कोरडं पडलं होतं आणि कोयनेतून पाणी सोडा म्हणून मागणी चालू होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच गावांतून माणसं आणि जनावरं बाहेर काढावी लागली. एकाच काठाची ही दोन रूपं ज्यानं पाहिली नाहीत, त्यानं विसार देण्याची घाई करू नये.

दिवाळीच्या सुमारास जागा बघायला जाणं

जागा विकणारा तुम्हाला नेतो तो सहसा पावसाळा संपल्यावर. घटप्रभेवरचं हिडकलचं धरण 2175 फुटांपर्यंत तुडुंब असतं, पाणी कुंपणाच्या तारेला टेकलेलं असतं, आणि ‘वॉटर टच’ हा शब्द त्या दिवसापुरता खरा असतो. पुढे शेतीला आणि पिण्याला पाणी जात राहतं, पातळी उतरते. उन्हाळ्यात तर पाण्याखाली गेलेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं आणि लोक दर्शनाला जातात.

इथे साधा हिशेब करा. काठाचा उतार पन्नास फुटांना एक फूट असेल आणि पातळी तीस फूट उतरली, तर पाणी तुमच्यापासून दीड हजार फूट लांब जातं. मधे उरतो तो गाळ. त्यातून होडी ओढत नेणं चार माणसांनाही जमत नाही. म्हणून जुनं नदीपात्र ज्या बाजूनं काठाला चिकटून जातं आणि जिथे उतार उभा आहे, तीच बाजू बघा. ती कुठली हे तिथे जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांना तोंडपाठ असतं. त्यांना फक्त ‘इथे पाणी किती?’ असं विचारू नका, ‘एप्रिलमध्ये तुमची होडी कुठे लागते?’ असं विचारा. शिवाय उपग्रहाची जुनी छायाचित्रं मोबाईलवर बघता येतात, त्यातली मे महिन्याची काढून बघा. सौंदत्तीच्या नविलुतीर्थ धरणाच्या काठालाही हेच लागू आहे. राकसकोपचा विचार मात्र होडीसाठी करूच नका. ते बेळगाव शहराचं पिण्याचं पाणी आहे.

‘कॅनॉल टच’ला भुलणं

परदेशात किंवा किनारपट्टीवर कालव्याकाठची घरं असतात, तिथे कालवा खोदलेलाच असतो होडीसाठी. घटप्रभेचा डावा आणि उजवा कालवा शेतीसाठी आहेत. त्यांत पाणी पाळीनं सोडतात. पाळी संपली की तळ दिसतो. पाणी असतं तेव्हा ते वेगानं वाहतं, दोन्ही बाजू तिरक्या आणि गुळगुळीत, धरायला काही नाही. पोहता येणारा माणूसही तिथून वर येऊ शकत नाही. पुढे दारं आहेत, बोगदे आहेत, पुलाखालची भुयारं आहेत. अशा पाण्यात होडी घालणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. मुलं असलेल्या घरानं तर कालव्याला लागून राहण्याआधी पक्कं कुंपण बांधावं.

नदी सलग आहे असं समजणं

नकाशावर दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा अखंड दिसतात. होडीवाल्याला त्या तुकड्यांत मिळतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात, मागे पाणी तुंबतं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढले की ते निघून जातं. म्हणजे तुमचा फेरफटका दोन बंधाऱ्यांमधला. कारदगा-भोज, कल्लोळ-येडूर, जत्राट-भिवशी या वाटांवरचे बंधारावजा पूल इतके ठेंगणे आहेत की छताची होडी खालून जाण्याचा प्रश्नच येत नाही.

त्यामुळे आधी होडी ठरवा, मग गाव. वल्ह्याच्या छोट्या फायबर होडीला दोन फूट पाणी पुरतं आणि बंधाऱ्यामागचा दोन-तीन किलोमीटरचा डोह तिच्यासाठी भरपूर आहे. माशांसाठी गळ टाकून बसायचं असेल तर याहून सुंदर जागा नाही, हे मी मनापासून सांगतो. इंजिनाची बोट मात्र अशा डोहात कोंडते. तिला हिडकलसारखं मोठं पाणी हवं. तिथे आधी पाटबंधारे खात्याला परवानगीचं विचारा. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं यांत्रिक बोटीला नोंदणी आणि तपासणी लागते, तेही खर्चात धरा.

पुराची खूण न विचारणं

इथे घाई सगळ्यात महाग पडते. 2005, 2019 आणि 2021 ही तीन सालं नदीकाठच्या कुठल्याही गावात विचारा. देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते बोट ठेवून दाखवतील. तुमच्या घराचा जोता त्या खुणेच्या वर हवा. पण एवढ्यानं भागत नाही. घर कोरडं राहिलं आणि वाट बुडाली तर आठवडाभर अडकून पडाल. 2021 च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी राष्ट्रीय महामार्गावर आलं होतं. तिथे गावच्या वाटांचं काय होत असेल? पहिला कुठला पूल पाण्याखाली जातो आणि दवाखान्याला दुसरी वाट कोणती, हे जागा बघतानाच विचारून घ्या.

काळ्या जमिनीचं वेगळंच. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. नेहमीच्या पायावर बांधलेल्या घराच्या भिंती तडकतात. मुरूम लागेपर्यंत खोल जाणारा पाया किंवा इंजिनिअरच्या सल्ल्यानं खांबांचा पाया हवा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर घर नदीला लागून नकोच. गावठाणात, उंचावर घ्या. होडी ट्रेलरवर दारात ठेवा आणि जिथे गाडी पाण्यापर्यंत जाते असा उतार बघून ठेवा. दहा मिनिटं जास्त लागतील, पण रात्री झोप लागेल.

मधली जमीन कुणाची हे न बघणं

धरणाच्या काठाला प्लॉट आणि पाणी यांच्यामध्ये बहुधा संपादित सरकारी पट्टा असतो. पाणी ओसरल्यावर तिथल्या गाळात पेरणी, म्हणजे गाळपेर, होते, म्हणून ती कुणाची तरी शेती वाटते. तिथे पायऱ्या, धक्का, शेड काहीही बांधायचा हक्क तुम्हाला नाही. मोजणी करून हद्दीचे दगड समोर दाखवून घ्या. उतारा, एनएचा (बिगरशेतीचा) आदेश, ग्रामपंचायतीचा ई-खाता (मिळकतीच्या नोंदीचा कागद) ही कागदं कन्नडमध्ये असतात. विकणाऱ्याच्या माणसाकडून नव्हे, आपल्या वकिलाकडून ओळन् ओळ वाचून घ्या. सामाईक उताऱ्यावरचा गुंठा-दोन गुंठ्यांचा प्लॉट कितीही स्वस्त असला तरी सोडा.

गोव्यात घेताना बेळगावची नजर लावणं

चोर्ला घाट उतरून खाडीकाठी दुसरं घर बघणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिथे पाणी वर्षातून एकदा नव्हे, दिवसातून दोनदा उतरतं. जागा ओहोटीच्या वेळी बघा, शक्यतो अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, कारण तेव्हा पाणी सगळ्यात खाली जातं. घर आणि मोठी खाडी यांच्यामध्ये पूल असेल तर भरतीच्या वेळी त्याच्याखाली किती उंची उरते ते मोजा; होडीला छत किंवा डोलकाठी असेल तर या एका मापावर सगळं ठरतं. किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध धक्का बांधण्यालाही लागू होतात.

जागा घेऊन झाली आहे, आता अडचण आहे?

पाणी लांब जात असेल तर पक्क्या धक्क्यावर पैसे घालू नका. प्लॅस्टिकच्या बॅरलवर फळ्या ठोकून तरंगता धक्का करा आणि पातळीबरोबर तो सरकवत राहा. पण आधी खात्याला विचारा. इंजिन तापत असेल तर पाणी ओढण्याची जाळी बघा. केंदाळ अडकलेलं असतं. पंख्यात जाळं गुंतलं तर इंजिन बंद करून पंखा वर उचला आणि हातानं सोडवा, कापू नका, ते कुणाचं तरी पोट आहे. कृष्णेत मगरी आहेत, तेव्हा त्यासाठी पाण्यात उतरू नका.

पावसाळ्यात होडी झाडाला बांधून ठेवू नका. पाणी चढलं की दोर आखूड पडतो, होडी कलते, पाणी घेते आणि बुडते. जुलै लागला की कोयनेचा विसर्ग आणि कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरचं पाणी यांच्या बातम्या रोज बघा. विसर्ग वाढल्याचं कळलं की त्याच दिवशी होडी बाहेर काढा, इंजिन उतरवा आणि पुराच्या खुणेच्या वर नेऊन ठेवा.